एक्क्याण्णव किलोमीटरचा हिशेब

सुरत आणि भावनगर ही गुजरातमधील दोन शहरे खंभातच्या आखाताच्या दोन बाजूंना वसलेली आहेत. नकाशावर पट्टी ठेवून मोजले, तर या दोन शहरांच्या विमानतळांमधील अंतर सुमारे ९१ किलोमीटर भरते. रस्त्याने जावयाचे झाल्यास मात्र हेच अंतर साडेतीनशे किलोमीटरच्याही पुढे जाते. समोर दिसणाऱ्या काठावर पोहोचण्यासाठी सारे आखात वळसा घालून ओलांडण्याचा हा प्रकार म्हणजे शब्दशः द्राविडी प्राणायामच होय.

हा वळसा पिढ्यानपिढ्या घालणारा एक मोठा वर्ग आहे. जगातील बहुतांश हिऱ्यांना पैलू सुरतेत पाडले जातात आणि हे काम करणाऱ्या कारागिरांपैकी, ज्यांना तिकडे ‘रत्नकलाकार’ असे म्हणतात, फार मोठा भाग भावनगर, अमरेली अशा सौराष्ट्रातील जिल्ह्यांमधून आलेला आहे. हाताला काम सुरतेत आणि आईवडील, शेत व घर सौराष्ट्रात, असा हा दुभंगलेला संसार आहे. दिवाळीच्या दीर्घ सुटीत हिऱ्यांचे कारखाने बंद झाले, की सुरतेहून निघणाऱ्या बसगाड्यांना उसंत नसते. सुरतेतील कापड व्यवसायात काम करणाऱ्या खानदेशी मराठी कुटुंबांना गावाकडची ही ओढ वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच, की त्यांच्या वाटेत समुद्र आडवा येत नाही.

‘विमानाने अर्ध्या तासात’ असे जेव्हा या प्रवाशाला सांगितले जाते, तेव्हा त्या विधानात खरे किती आणि अपुरे किती, हे जाणून घेणे त्याच्या खिशाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. दोन विमानतळांमधील अंतर कसे मोजतात, उड्डाणाचा वेळ कसा ठरतो आणि तिकिटाच्या रकमेत प्रवासी नेमके काय विकत घेतो, हे या एका मार्गाच्या उदाहरणावरून पाहता येईल.

हवाई अंतर म्हणजे काय?

पृथ्वीवरील प्रत्येक स्थानाला अक्षांश आणि रेखांश असतात. सुरतचा विमानतळ सुमारे २१.१२ उत्तर अक्षांश व ७२.७४ पूर्व रेखांशावर आहे, तर भावनगरचा सुमारे २१.७५ उत्तर अक्षांश व ७२.१९ पूर्व रेखांशावर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर जवळजवळ तेवढाच असतो. परंतु ध्रुवाकडे जावे तसा तो आकुंचित होत जातो. सुरत-भावनगरच्या पट्ट्यात तो सुमारे १०४ किलोमीटरचा राहतो.

यावरून भावनगरचा विमानतळ सुरतच्या विमानतळाच्या उत्तरेस सुमारे ७० किलोमीटर आणि पश्चिमेस सुमारे ५८ किलोमीटर आहे, असे गणित निघते. शाळेत शिकलेला काटकोन त्रिकोणाचा नियम येथे उपयोगी पडतो. ७० चा वर्ग ४,९०० आणि ५८ चा वर्ग ३,३६४. त्यांची बेरीज ८,२६४ आणि तिचे वर्गमूळ सुमारे ९१. वैमानिक हेच अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणून त्यांच्या लेखी हा मार्ग सुमारे ४९ मैलांचा होतो.

इतक्या लहान अंतरासाठी पृथ्वी सपाट मानली तरी चालते. हजारो किलोमीटरच्या प्रवासात मात्र पृथ्वीच्या गोलाकाराचा विचार करावा लागतो आणि दोन स्थानांमधील सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर वक्र दिसतो.

वाटेत आडवे आलेले आखात

रस्त्याचे अंतर भूगोल ठरवतो. भावनगरहून निघालेले वाहन धोलेरा, वटामण, तारापूर असे आखाताच्या माथ्याकडे जाते. तेथून वासद, वडोदरा, भरूच, अंकलेश्वर असे दक्षिणेकडे वळून सुरत गाठते. या वाटेवर साबरमती, मही आणि नर्मदा या तीन मोठ्या नद्या पार कराव्या लागतात. प्रत्येक नदी म्हणजे एक पूल आणि प्रत्येक पूल म्हणजे वाहतुकीचा एक चिंचोळा गळा. भरूच येथे नर्मदेवर मार्च २०१७ मध्ये नवा पूल खुला झाला, तेव्हा महामार्गावरील कोंडीतून मोठा दिलासा मिळाला. याउलट ९ जुलै २०२५ रोजी महीवरील गंभीरा पुलाचा भाग कोसळला. या दुर्घटनेत अनेकांचे प्राण गेले आणि सौराष्ट्र व दक्षिण गुजरात यांच्यामध्ये जवळची वाट म्हणून त्या पुलाचा वापर करणाऱ्या वाहनांना लांबचा मार्ग धरावा लागला. शहरे होती तेथेच राहिली. त्यांच्यामधील अंतर मात्र एका सकाळी वाढले.

मग आखातावरच पूल का बांधला जात नाही, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. खंभातच्या आखाताचा आकार नरसाळ्यासारखा आहे. रुंद मुखातून आत शिरलेले भरतीचे पाणी निमुळत्या भागात कोंडले जाऊन उंच चढते. मोठ्या भरतीच्या दिवसांत भावनगरजवळ भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतील फरक १० मीटरच्याही वर जातो. याच भरतीचा लाभ घेऊन भावनगरच्या दक्षिणेस अलंग येथे मोठमोठी जहाजे किनाऱ्यावर चढवून तोडली जातात. जो निसर्ग तेथे उद्योगाला साहाय्यभूत होतो, तोच पुलाच्या बांधकामाला कठीण आव्हान देतो. आखातावर बांध घालून गोड्या पाण्याचा साठा करावा व त्यावरून रस्ता न्यावा, अशी ‘कल्पसर’ नावाची योजना अनेक दशकांपासून चर्चेत आहे. परंतु तो बांध अद्याप उभा राहिलेला नाही.

दोन्ही काठांमधील संबंध मात्र जुने आहेत. बडोद्याच्या गायकवाडांच्या संस्थानात नवसारी हा प्रांत सुरतेच्या शेजारी होता, तर अमरेली हा प्रांत आखातापलीकडे काठेवाडात होता. एकाच राज्याचा कारभार आखाताच्या दोन्ही बाजूंना चालत असे.

सागरी मार्गाचा पर्याय अलीकडच्या काळात पुन्हा पुढे आला. २२ ऑक्टोबर २०१७ रोजी घोघा-दहेज बोटसेवेचे उद्घाटन झाले. पुढे दहेजच्या बाजूला गाळ साचू लागल्याने बोटीला पुरेशी खोली मिळेना आणि ती सेवा थांबली. त्यानंतर ८ नोव्हेंबर २०२० रोजी घोघा-हजिरा सेवा सुरू झाली. घोघा भावनगरजवळ आणि हजिरा सुरतेजवळ. रस्त्याचे ३७० किलोमीटर अंतर या मार्गाने ९० किलोमीटरवर येते आणि मालवाहतुकीस लागणारे दहा ते बारा तास सुमारे चार तासांवर येतात, असे तेव्हा शासनाने जाहीर केले होते. ट्रक, मोटारी आणि प्रवासी एकाच वेळी वाहून नेणारी ही बोट असल्याने स्वतःचे वाहन घेऊन जाणाऱ्यांची विशेष सोय झाली.

विमानाचा वेग आणि विमानाला लागणारा वेळ

हवाई मार्गाच्या दृष्टीने १ जानेवारी २०२२ ही तारीख नोंद घेण्याजोगी आहे. त्या दिवसापासून सुरतेहून भावनगर, अमरेली, राजकोट आणि अहमदाबाद या शहरांना जोडणारी नऊ आसनी विमानांची सेवा सुरू करण्यात आली. त्यासाठी सेस्ना ग्रँड कॅरॅव्हॅन हे एका इंजिनाचे, पंख्यावर चालणारे विमान योजण्यात आले होते. भावनगरच्या प्रवासासाठी सुमारे अर्ध्या तासाचा वेळ सांगितला गेला.

या विमानाचा प्रवासी वेग ताशी सुमारे ३४० किलोमीटर असतो. या वेगाने ९१ किलोमीटर जाण्यास १६ मिनिटे पुरेशी आहेत. मग अर्धा तास कशासाठी? याचे उत्तर असे, की वेळापत्रकात छापलेला वेळ हा केवळ आकाशातील वेळ नसतो. विमान आपल्या थांब्यावरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावरील थांब्यावर उभे राहीपर्यंतचा सारा काळ त्यात मोजलेला असतो. हवाई वाहतुकीच्या भाषेत त्यास ‘ब्लॉक टाइम’ असे म्हणतात. धावपट्टीच्या टोकापर्यंत सावकाश जाणे, परवानगीची वाट पाहणे, उड्डाण करणे, उंची गाठणे, पुन्हा खाली उतरणे व थांब्यावर येणे हे सर्व त्यात येते.

शिवाय विमान नेहमी इच्छित दिशेनेच उड्डाण करू शकत नाही. उड्डाण आणि अवतरण शक्यतो समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या दिशेने करावे लागते. सुरतेची धावपट्टी साधारणपणे ईशान्य-नैर्ऋत्य अशी आहे, तर भावनगर आहे वायव्येस. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून वारा येत असता विमान आधी नैर्ऋत्येकडे झेपावते आणि मग उजवीकडे वळून भावनगरची वाट धरते. लहान मार्गावर अशा एका वळणाचाही वेळेवर परिणाम होतो.

येथे एक गोष्ट अनेकांना अनपेक्षित वाटेल. याच मार्गावर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाचे मोठे जेट विमान आणले, तर हिशेबाने हे अंतर साडेसहा मिनिटांचे होईल. म्हणजे अडीचपट वेगवान विमान आणूनही दहा मिनिटांची देखील बचत होत नाही. प्रत्यक्षात तर जेट विमान इतक्या थोड्या अंतरात आपला पूर्ण वेग गाठूही शकत नाही. याउलट दिल्ली ते बेंगळुरू हे सुमारे १,७०० किलोमीटरचे हवाई अंतर घेतले, तर ३४० च्या वेगाने पाच तास आणि ८३० च्या वेगाने दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. तेथे वेगाचे मोल जवळजवळ तीन तासांचे आहे. मार्ग जितका लहान, तितके वेगाचे महत्त्व कमी आणि ठरावीक कामांना लागणाऱ्या वेळेचे महत्त्व अधिक, हा या गणिताचा निष्कर्ष होय.

घरापासून घरापर्यंत

प्रवाशाचा प्रवास विमानतळापासून सुरू होत नाही. तो घराच्या उंबरठ्यापासून सुरू होतो. सुरतेतील हिरे व्यवसायाचे प्रमुख केंद्र असलेला वराछा भाग शहराच्या पूर्वेकडे आहे आणि विमानतळ आहे मगदल्लाकडे, म्हणजे दुसऱ्या टोकाला. केवळ उदाहरणादाखल पुढील वेळ धरू. घरापासून विमानतळापर्यंत पाऊण तास, तपासणी व प्रतीक्षेसाठी एक तास, प्रत्यक्ष विमानप्रवास अर्धा तास आणि भावनगरला उतरून सामानासह बाहेर पडण्यास पाव तास. एकूण अडीच तास. यात विमानाचा वाटा अवघा एक पंचमांश आहे.

याच पद्धतीने बोटीचा हिशेब मांडला, तर हजिऱ्यापर्यंतचा प्रवास, बोटीवर चढण्यापूर्वीची प्रतीक्षा, चार तासांचा जलप्रवास आणि घोघ्याहून भावनगर मिळून सुमारे साडेसहा तास होतील. बसने रस्त्याची अवस्था व थांबे लक्षात घेता नऊ तास धरता येतील. ‘अर्धा तास विरुद्ध नऊ तास’ ही तुलना आकर्षक असली, तरी खरी तुलना ‘अडीच तास विरुद्ध नऊ तास’ अशी आहे. तीही विमानाच्या बाजूनेच झुकते. परंतु निर्णय घेताना दुसरी तुलना समोर असावी.

वाचलेल्या तासाची किंमत

बँकेचा ग्राहक ठेवीवरील व्याजाचा दर पाहतो, तसा प्रवाशानेही वाचलेल्या तासाचा दर पाहावा. समजा, बसचे भाडे ६०० रुपये, बोटीच्या प्रवासाचा सर्व खर्च ९०० रुपये आणि विमानाचा २,५०० रुपये आहे. हे आकडे केवळ गणितासाठी घेतलेले आहेत. प्रत्यक्ष दर प्रवासाच्या दिवशी पाहावेत.

बसऐवजी बोट निवडली, तर ३०० रुपये अधिक देऊन अडीच तास वाचतात. म्हणजे एका तासाची किंमत १२० रुपये झाली. बोटीऐवजी विमान निवडले, तर आणखी १,६०० रुपये देऊन चार तास वाचतात; तासाला ४०० रुपये. बसची तुलना थेट विमानाशी केली, तर १,९०० रुपयांत साडेसहा तास, म्हणजे तासाला सुमारे २९० रुपये.

आता प्रत्येकाने आपल्या तासाचे मोल ठरवावयाचे आहे. आठ तास काम करून ८०० रुपये मिळवणाऱ्या कारागिराचा तास १०० रुपयांचा आहे. निव्वळ पैशाच्या दृष्टीने त्याला बस सोयीची ठरते. त्यातही रात्रीची बस असेल, तर झोपेत गेलेले तास वाया गेले असे म्हणता येत नाही आणि विमानाने वाचणाऱ्या वेळेचे मोल आणखी घटते. सकाळी भावनगरला जाऊन सौदा करून सायंकाळी सुरतेस परतू इच्छिणाऱ्या व्यापाऱ्याचे गणित निराळे आहे. त्याचा एक मुक्काम आणि कामाचा एक पूर्ण दिवस वाचतो.

तथापि, काही प्रसंग तासाच्या दराने मोजता येत नाहीत. गावी वडील अत्यवस्थ असल्याचा निरोप आल्यावर कोणी भागाकार करीत बसत नाही. अशा प्रसंगी साडेसहा तास आधी पोहोचणे म्हणजे कदाचित शेवटची भेट होणे. नियमित प्रवास स्वस्त मार्गाने करून अशा अडीअडचणीसाठी थोडी रक्कम वेगळी बाजूस ठेवणे, हे म्हणूनच दूर राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या अंदाजपत्रकाचे एक कलम असावयास हवे.

नऊ आसनांचे अर्थकारण

प्रवाशाला सेवा हवी असते, पण सेवा टिकून राहण्यासाठी विमान कंपनीचाही ताळमेळ बसावा लागतो. पुन्हा एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका फेरीचा सर्व खर्च १८,००० रुपये आणि तिकीट २,५०० रुपये असेल, तर सात प्रवाशांकडून १७,५०० रुपये जमतात आणि ५०० रुपयांचा तोटा राहतो. आठवा प्रवासी चढला, तेव्हाच फेरी नफ्यात येते. पाचच प्रवासी असतील, तर तोटा ५,५०० रुपयांचा होतो. इंधन, वैमानिक आणि विमानतळाचे शुल्क हा खर्च प्रवासी कमी झाले म्हणून फारसा कमी होत नाही. १८० आसनांच्या विमानात एक आसन रिकामे राहिले, तर ते क्षमतेच्या अर्ध्या टक्क्याहून थोडे अधिक. नऊ आसनांच्या विमानात मात्र एक रिकामे आसन म्हणजे अकरा टक्के. लहान शहरांमधील विमानसेवा सुरू होतात आणि काही बंदही पडतात, त्यामागील एक महत्त्वाचे कारण या साध्या अंकगणितात आहे.

ही तूट भरून काढण्याच्या हेतूने केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘उडान’ ही प्रादेशिक हवाई जोडणी योजना जाहीर केली. तिच्यातील पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली मार्गावर उडाले. योजनेतील मार्गांवर विमानातील ठरावीक आसने, सामान्यतः निम्मी, मर्यादित भाड्याने द्यावी लागतात. सुमारे एका तासाच्या विमानप्रवासासाठी आरंभी ही मर्यादा २,५०० रुपये होती. त्या बदल्यात कंपनीला तीन वर्षांपर्यंत तुटीची भरपाई मिळते आणि त्यात राज्य सरकारही वाटा उचलते. तीन वर्षांत मार्गाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, अशी अपेक्षा असते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या योजनेद्वारे ८८ विमानतळ जोडले गेल्याचे सांगून पुढील दहा वर्षांत १२० नवी ठिकाणे जोडण्याचा संकल्प मांडण्यात आला. साहाय्य संपल्यानंतरही मार्ग चालू राहतो का, हीच अशा प्रत्येक मार्गाची खरी कसोटी असते.

प्रवाशाने काय पाहावे?

प्रादेशिक विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी काही बाबी ध्यानात घेणे हितावह ठरते. सेवा त्या दिवशी चालू आहे का, याची कंपनीकडून खात्री करून घ्यावी; जुन्या वेळापत्रकावर विसंबू नये. सामानाची मर्यादा वाचावी, कारण लहान विमानात वजनाचा हिशेब फार काटेकोर असतो आणि सणासुदीचे बोचके त्यात सामावत नाही. पावसाळ्यात व धुक्याच्या दिवसांत उड्डाण रद्द झाल्यास परतावा कसा मिळेल, हे आधी विचारावे. पुढे दुसरे विमान किंवा रेल्वेगाडी गाठावयाची असेल, तर मध्ये पुरेसा वेळ राखावा. घर ते विमानतळ आणि विमानतळ ते घर या दोन्ही टप्प्यांचा वेळ व भाडे एकूण हिशेबात अवश्य धरावे.

सुरत आणि भावनगर यांच्यामधील ९१ किलोमीटर हवेत कधी बदलणार नाहीत. त्या दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश निश्चित आहेत. पूल, बोट, विमान आणि भाडे यांच्यानुसार बदलते, ते माणसाला प्रत्यक्ष जाणवणारे अंतर. देशातील कोणत्याही दोन लहान विमानतळांविषयी हेच म्हणता येईल. जाहिरातीतील उड्डाणाचा वेळ वाचल्यावर घरापासून घरापर्यंतचे तास आणि त्या प्रत्येक तासाला द्यावी लागणारी किंमत एका कागदावर मांडून पाहिली, तर कोणत्या वेळी बसमध्ये बसावे, कोणत्या वेळी बोट गाठावी आणि कोणत्या वेळी मागेपुढे न पाहता विमानाचे तिकीट काढावे, हे ज्याचे त्याला ठरवता येईल.